कोणासाठी हवंय?

मराठी पुस्तकाचं चौथं पान उघडलं की त्या पुस्तकासाठी राबलेल्या माणसांची नावं दिसतात. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कधी आतली रेखाटनं. पुण्यातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेत मी संपादनाचं काम करते आणि छपाईला जाण्याआधी ते पान शेवटचं नजरेखालून घालणं माझ्याकडे असतं. त्या पानावर पुस्तक विकणाऱ्याचं नाव नसतं. छापून झाल्यावर त्याचं काम सुरू होतं, तेव्हा ते नसणं रीतीला धरूनच आहे. पण गेली काही वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात माझं नेमानं जाणं-येणं आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय: पुस्तक नेमकं कोणासाठी काढायचं, हे आम्हा संपादकांपेक्षा त्या काउंटरवरच्या माणसांना जास्त कळतं. आम्ही त्यांना ते क्वचितच विचारतो.

दुकानात जाणं सुरू झालं ते शिल्लक मोजण्यासाठी. आमच्यासारखे प्रकाशक दुकानांत पुस्तकं ठेवतात ती बहुतेक विक्रीनंतर पैसे या बोलीवर. चलनावर माल जातो, जितका विकला जाईल तितक्याचं बिल होतं, उरलेला परत येतो. मधूनमधून कोणीतरी जाऊन प्रती मोजाव्या लागतात. हे काम करणारा आमचा सहकारी नोकरी सोडून गेला आणि साहेब म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत शनिवारी तुम्ही जाऊन या. नवीन माणूस मिळाला, तरी मी जायचं थांबवलं नाही.

अप्पा बळवंत चौक पुण्याच्या माणसाला सांगायला नको. बाजीराव रस्त्यावरचा हा चौक जूनमध्ये बालभारतीच्या पुस्तकांनी, वह्यांनी आणि खाकी कव्हरांनी भरून जातो, आणि वर्षभर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चालतो. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, कविता विकणारी दुकानं त्यात मोजकीच. मी जाते ते दुकान त्यातलं. रस्त्यावरून दिसतं त्यापेक्षा आत बरंच लांब, वाड्याच्या जुन्या दुकानांसारखं. पुढे काउंटर, मध्ये बिलाचं टेबल, मागे गोदाम. या तीन जागी तीन माणसं. मालक वरच्या मजल्यावर बसतात आणि हिशेबापुरते खाली येतात.

काउंटरवरच्या काकांनी पहिले काही शनिवार मला पुस्तकं मोजू दिली आणि वहीवर सही करून दिली, बस. प्रकाशकाकडून येणाऱ्या माणसाशी जास्त बोलायची त्यांना सवय नव्हती. असे लोक येतात ते "आमचं पुस्तक पुढे का लावलं नाही" एवढंच विचारायला. मी मोजत असताना त्यांचं गिऱ्हाइकांशी चाललेलं बोलणं कानावर पडायचं. पुढे पुढे मी मुद्दाम हळू मोजायला लागले.

एकदा एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "ते कर्णाचं पुस्तक द्या."

काकांनी विचारलं, "जाड की बारीक?"

गृहस्थ जरा थांबले. "वडिलांकडे होतं ते जाडजूड होतं."

काकांनी 'मृत्युंजय' काढून दिलं. बारीक म्हणाले असते तर 'राधेय' दिलं असतं. शिवाजी सावंतांचं पुस्तक १९६७ चं, रणजित देसाईंचं त्यानंतरचं. दोन्ही कर्णावर, दोन्ही आजही खपतात. पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही, तरी दोन शब्दांच्या प्रश्नात नेमकं पुस्तक हातात आलं. माणसं पुस्तक मागतात तेव्हा त्यांच्याजवळ असतो तो एखादा तुकडा: मुखपृष्ठाचा रंग, सिनेमा, टीव्हीवर कोणी घेतलेलं नाव, शाळेतला धडा. त्या तुकड्यावरून पुस्तकापर्यंत जाण्याची वाट काकांनी इतक्या वर्षांत पायाखाली घातली आहे. नाव आठवत नाही म्हणून ओशाळलेलं गिऱ्हाईक त्यांच्यासमोर दोन मिनिटांत मोकळं बोलायला लागतं. "असू दे, काय होतं त्यात ते सांगा," असं ते म्हणतात.

आणि ज्याला काय हवं तेच ठरलेलं नाही त्याला त्यांचा एकच प्रश्न असतो: "कोणासाठी हवंय?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर ते ज्या तऱ्हेनं ऐकतात ते पाहण्यासारखं असतं. "मुलीसाठी" म्हटलं की वय विचारून ते थांबत नाहीत. मराठी सलग वाचते का? घरात कोण वाचून दाखवतं? शाळा कुठली? एक बाई मुलासाठी 'श्यामची आई' घ्यायला आल्या होत्या. काकांनी चार वेगवेगळ्या प्रती काउंटरवर मांडल्या. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०१० संपलं आणि हे पुस्तक कोणीही छापावं असं झालं. तेव्हापासून त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत की किंमत बघून घेणारा हमखास फसतो. काकांनी एकेक प्रत मागच्या बाजूनं उघडली. "पूर्ण पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत," त्यांनी बाईंना सांगितलं. "शेवटी बेचाळिसावी रात्र दिसली तर घ्या. ही बघा, हिच्यात नाही. ही संक्षिप्त आहे, पण मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नाही." तिसरी प्रत पूर्ण होती, पण टाइप इतका बारीक आणि कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसत होती. बोटानं ते दाखवून काका म्हणाले, "पोराला पुस्तक कंटाळवाणं वाटणार नाही, कागद कंटाळवाणा वाटेल. दोष मात्र पुस्तकाला लागेल." बाईंनी चौथी प्रत घेतली. ती सगळ्यांत महाग नव्हती. महाग असती तर काकांनी आधी तेही सांगितलं असतं.

मी संपादक. प्रतीची पूर्णता, टाइप, कागद हे माझे विषय. पण एका आईच्या हातात प्रत ठेवून, तिच्या मुलाच्या डोळ्यांनी त्या गोष्टी तपासताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. त्या दिवसानंतर काकांशी खरं बोलणं सुरू झालं.

बिलाच्या टेबलावर ताई बसतात. त्यांचा हंगाम मार्च. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालयं राज्यात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. त्यांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातला ठराविक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. अनुदानाचा हप्ता आर्थिक वर्षाच्या अखेरीला हातात पडला, की तालुक्याच्या गावांहून, खेड्यांहून ग्रंथपाल आणि कार्यवाह याद्या घेऊन चौकात उतरतात. एकतीस मार्चच्या आतलं बिल हवं असतं. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती वर्षानुवर्षं हजार-अकराशे प्रतींची निघत आली. आता पाचशे, तीनशेसुद्धा निघते. ती आवृत्ती संपते की गोदामात पडून राहते, हे बऱ्याच अंशी या चार-सहा आठवड्यांत ठरतं. मराठी प्रकाशनाचा गाडा ओढणारी माणसं म्हणजे हे ग्रंथपाल आणि कार्यवाह, आणि साहित्याच्या चर्चांत त्यांची आठवण फारशी निघत नाही.

ताईंच्या डोक्यात त्या ग्रंथालयांची कपाटं आहेत. याद्यांवर नजर फिरवत त्या सांगतात, "हे तुम्ही दोन वर्षांमागे नेलंय, परत कशाला?" किंवा "तुमच्याकडे बायका जास्त येतात ना, मग यादीत एकही बाईचं आत्मचरित्र कसं नाही?" भोरकडच्या एका ग्रंथपालांना एका मार्चमध्ये त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यायला लावली. पुढच्या वर्षी ते आणखी एक प्रत मागायला आले. पहिली हातोहात फिरून तिची पानं सुटली होती. हे ऐकून ताई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या पुस्तकांचंही हेच होतं बरं का. वाचनालयात चौथ्या माणसाच्या हातात गेलं की मधली पानं बाहेर. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक घरी ठीक आहे हो, वाचनालयात नाही टिकत. फर्म्यांना शिवण घाला ना."

शिवणीच्या बांधणीला प्रतीमागे खर्च जास्त येतो, म्हणून आमच्याकडे ती मागे पडली होती. मी ताईंचं म्हणणं ऑफिसात मांडलं. तीनशे पानांच्या वरची, वाचनालयात हमखास जाणारी पुस्तकं आता आम्ही शिवून घेतो. हा निर्णय आमच्या बैठकीत झाला असं कागदावर आहे. तो खरा झाला बिलाच्या त्या टेबलावर.

गोदामातल्या दादाबद्दल थोडंच सांगते, कारण तो थोडंच बोलतो. पुस्तकांचा गठ्ठा कसा बांधावा हे त्याच्याकडून पाहावं. पुस्तकं आलटून पालटून, एकाची पाठ डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे गठ्ठा एका अंगाला फुगत नाही. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे, पावसाळ्यात आतून प्लॅस्टिक, वरून खाकी कागद, मग सुतळी. सुतळी कोपऱ्यावर न आणता पुठ्ठ्यावरूनच फिरवायची, नाहीतर वरच्या पुस्तकाला कायमची खाच पडते. हे गठ्ठे एसटीच्या पार्सलनं आणि ट्रान्सपोर्टनं सोलापूर, लातूर, रत्नागिरीकडे जातात. परतीचा मालही त्याच्याच हातात येतो. कोणत्या प्रकाशकाच्या मुखपृष्ठाचं लॅमिनेशन उन्हाळ्यात सुटतं, कोणाचा पांढरा रंग फडताळात पिवळा पडतो, हे तो न वाचता, न विचारता सांगतो. आमचं एक सुंदर, पांढरंशुभ्र मुखपृष्ठ त्यानं माझ्यासमोर धरलं. त्यावर हाताळलेल्या बोटांचे डाग होते. "हे गिऱ्हाईक नाही घेणार," तो म्हणाला, "दुसरी प्रत मागणार. मग ही परत तुमच्याकडे."

पैशाचं बोलायला हवं, कारण त्याशिवाय या माणसांचं काम नीट दिसत नाही. ३०० रुपयांचं पुस्तक घ्या. आम्ही दुकानाला ३५ टक्के कमिशन दिलं तर ते त्यांना १९५ रुपयांना पडतं. गिऱ्हाइकाला १५ टक्के सूट दिली, जी चौकात द्यावीच लागते, की गल्ल्यात २५५ येतात. मधले ६० रुपये. त्यात भाडं, वीज, पगार, पिशवी, गठ्ठ्याची सुतळी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही ही वाचकाच्या सोयीची गोष्ट. पण म्हणूनच दुकानानं भाड्यावर किंवा खोक्यांवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. या ६० रुपयांत काकांचा प्रश्न, त्यांचं ऐकणं, चार प्रती मागून उघडून दाखवणं हे सगळं बसवलेलं आहे.

एका शनिवारी एक तरुण जोडपं आलं. मराठीतून विज्ञान वाचायचं होतं, सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं. काकांनी जयंत नारळीकरांपासून सुरू करून पुस्तकांचा छोटा ढीग लावला, कोणतं आधी, कोणतं नंतर ते सांगितलं. दोघांनी सगळ्या मुखपृष्ठांचे फोटो काढले, आभार मानले आणि तिथेच उभं राहून फोनवर ऑर्डर केली. काकांनी पुस्तकं जागच्या जागी लावली. ताई म्हणाल्या, "तेवढ्या वेळात माझी चार बिलं झाली असती." मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या दोघांनी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणणार नाही; पुस्तक स्वस्त मिळालं तर कोणालाही हवं असतं. पण जो सल्ला त्यांनी घेतला तो फुकट नव्हता, त्याची किंमत त्या पुस्तकाच्या किमतीतच होती, आणि ती सल्ला देणाऱ्याला मिळाली नाही. असं रोज होत राहिलं की पुढे सल्ला द्यायला माणूस उरत नाही. पुण्यातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान २०१२ मध्ये बंद झालं. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारातल्या लहानशा जागेत सुरू केलेलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झालं. शानभागांना पद्मश्री मिळाली होती. मोठे पुस्तकविक्रेते आपल्याकडे झाले आणि त्यांचा मानही झाला. गिरगावात मॅजेस्टिक चालवणाऱ्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४ साली पुस्तकांच्या जगासाठी 'ललित' मासिक काढलं आणि जयवंत दळवींना 'ठणठणपाळ' या टोपणनावानं त्यात लिहितं ठेवलं. पण ही नावं दुकानं उभी करणाऱ्यांची आहेत. काउंटरवर आयुष्य काढणाऱ्या नोकरदार माणसाचा पगार, त्याचं शिकणं, त्याच्यानंतर त्या जागी कोण, हा विषय एखाद्या परिसंवादात निघाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. लेखकाचं मानधन आणि प्रकाशकाच्या अडचणी यावर मात्र आम्ही दरवर्षी बोलतो.

आता माझ्या कामाची रीत बदलली आहे. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिला की मी तो काकांना दाखवते. ते उभ्या उभ्या वाचतात, कारण गिऱ्हाईकही तसंच वाचतं. "पहिल्या चार ओळी लेखकाच्या पुरस्कारांवर गेल्या, पुस्तकात काय आहे ते पाचवीत आलं. तोवर माणूस पुस्तक ठेवून देतो, अगं." पाठीवरचं नाव वरच्या फळीवरून वाचता येतं का, हेही तेच तपासतात. बारीक, कलात्मक अक्षर त्यांनी दोनदा परत पाठवलं आणि आमच्या चित्रकारानं ते मानलं. नवीन हस्तलिखित आलं की त्यातला विषय मी त्यांना तोंडी सांगते. तेव्हा तेच विचारतात, कोणासाठी? कधी माझ्याकडे उत्तर असतं. कधी ते नसतं, आणि मग मी लेखकाला फोन करून बोलते.

त्यांच्याकडे एक लांब वही आहे, मागणीची. जे मागितलं गेलं आणि दुकानात नव्हतं ते तिच्यात. आवृत्ती संपलेली पुस्तकं, कधी न निघालेली पुस्तकं, नुसत्या इच्छासुद्धा. आमच्याच संस्थेचं एक जुनं प्रवासवर्णन त्या वहीत पुन्हा पुन्हा येत होतं. आमच्या ऑफिसात त्याची कोणालाही आठवण नव्हती. दुकानात मात्र ते मागायला माणसं येत होती. वहीतल्या नोंदी दाखवून मी त्याची ३०० प्रतींची आवृत्ती काढून घेतली. ती संपली, दुसरी निघाली.

हल्ली काउंटरवर एक नवा मुलगा आहे, राज्यसेवेचा अभ्यास करत नोकरी करणारा. काका त्याला रोज सकाळी एक फळी पुसायला देतात आणि पुसताना प्रत्येक पुस्तकाचं मलपृष्ठ वाचायला लावतात. दुपारी विचारतात, "ते कशावर होतं?" दुकानात संगणक आला, त्यात शिल्लक आणि विक्री दिसते, पण जे नव्हतं ते कोणी मागितलं हे त्यात लिहायला जागा नाही. म्हणून त्या मुलानं मागणीची वही आपल्या फोनमध्ये सुरू केली आहे, मागणी माणसानं उच्चारली तशीच्या तशी. "कोकणातल्या भुतांच्या गोष्टी, पण लहान मुलं घाबरणार नाहीत अशा." "वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय, घरच्यांनी काय करावं असं काही मराठीत?" "सासूबाईंना मोठ्या अक्षरातली कादंबरी. धार्मिक नको, त्या पुष्कळ आहेत. साधी गोष्ट हवी."

ही शेवटची मागणी जुन्या वहीतही खूप ठिकाणी आहे. मोठ्या टाइपात पोथ्या मिळतात, 'ज्ञानेश्वरी' मिळते. पण डोळे अधू झालेल्या, आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचत आलेल्या माणसाला मराठीत फारसं काही हाती लागत नाही. तेरा पॉइंटचा मजकूर अठरा पॉइंटला नेला की दोनशे पानांची कादंबरी पावणेचारशेच्या पुढे जाते. कागद वाढतो, वजन वाढतं, आणि म्हाताऱ्या हातांना जड पुस्तक नको असतं, म्हणून तिचे दोन भाग करावे लागतील. साहेबांना मी हा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, घेणार कोण? मी ते काकांना जाऊन सांगितलं. पुढच्या शनिवारी ते माझी वाटच पाहत होते.

"मालकांशी बोललोय मी," ते म्हणाले. "पहिल्या शंभर प्रती आम्ही घेतो. रोखीनं. परत करायच्या नाहीत."

त्यांच्या अटी दोन आहेत: दोन्ही भाग मिळून किंमत ५०० च्या आत बसली पाहिजे, आणि बांधणी अशी हवी की पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं तर उघडंच राहील. छापखान्याकडून दोन अंदाज मागवलेत. कागद जरा हलका घेतला तर किंमत बसेल असं दिसतंय.